पाटीभर माती

आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. ती खरोखरची आत्या असावी लागत नाही. माझ्या आत्या लग्नाआधी माझ्या कुणीच लागत नव्हत्या, पण पहिल्या महिन्यापासून आम्ही भांडतो मात्र अगदी सख्ख्यांसारख्या. माझं माहेर सोलापूर शहरातलं. तिथे चार-पाच दिवसांनी एकदा नळाला पाणी येतं आणि त्या तेवढ्या वेळात जी बाई गप्प बसते तिची घागर रिकामी राहते. मी सासरी आले ती तयार होऊनच आले होते.

त्या वर्षी घट बसायच्या आदल्या दिवशी आमचं भांडण मातीवरून झालं. नवरात्रात देवापुढे माती पसरून तीत धान्य पेरायचं, मधे पाण्याचा घट ठेवायचा, रोज एक फुलांची माळ वर बांधायची आणि दसऱ्यापर्यंत दिवा विझू द्यायचा नाही, हे घरोघरी असतं. प्रश्न एवढाच, की माती कुठली. पाऊस आठवडाभर धरून बसला होता. मी म्हटलं, अंगणातली घेते. आत्या म्हणाल्या, "अंगणात काय पिकतंय? नदीकडच्या पट्टीतली आण. वंजळभर पुरं."

नदीकडची पट्टी म्हणजे आमची सगळ्यात चांगली जमीन. काळीभोर आणि भुसभुशीत. काहीही पेरा, नाही म्हणायची नाही. पण तिकडची वाट चिखलाची, आणि नवरात्रात अनवाणी राहायचं म्हणून आत्यांनी मला आदल्या दिवसापासूनच चप्पल सोडायला लावलेली. ओंजळभर मातीसाठी मी गुडघाभर चिखल तुडवत गेले. तिथे पोचल्यावर वाटलं, एवढी आलेच आहे तर ओंजळभर का म्हणून? मी पाटी शिगोशीग भरली, डोक्यावर घेतली आणि घरी येऊन आत्यांच्या पुढ्यात धाडकन उतरवली.

"घ्या," म्हटलं. "कमी पडली तर अजून आणते."

आत्यांनी आधी पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "घट बसवायचाय का घरावर मातीचं माळवद घालायचंय गं?"

मला वाटलं होतं, त्या ओंजळभर घेतील आणि उरलेली मी गुपचूप परसात टाकीन. पण आत्या इरेला पेटल्या. घटासाठी आणलेली शेताची माती टाकायची नसते म्हणाल्या, आणि अख्ख्या पाटीतच घट बसवला. पाटी वर ठेवली तेव्हा चौरंग कुरकुरला. एवढा मोठा घट गावात कुणाचा नव्हता, आणि ते त्यांनी बांधकरणीला मुद्दाम बोलावून दाखवलं.

बांधकरीण म्हणजे आमच्या शेताला ज्यांचं शेत लागून आहे त्या घरची बाई. तिचा नवरा दर पेरणीला आमचा बांध वीतभर कोरतो, असं आमचं म्हणणं. त्यांचं म्हणणं नेमकं उलट आहे. माझा नवरा आणि तिचा नवरा एकमेकांशी बोलत नाहीत. आम्ही बायका बोलतो, पण ते बोलणं ऐकलं तर न बोललेलं बरं असं कुणालाही वाटेल.

आमचं गाव सीनेच्या काठावर आहे, हे आम्ही फक्त पत्त्यात लिहीत आलो. उन्हाळ्यात गावात टँकर येतो आणि नदीत पोरांची क्रिकेटची मॅच चालते. होडी इथे कुणी बघितलेली नव्हती. त्यामुळे तिसऱ्या माळेच्या सकाळी देवळाच्या स्पीकरवरून 'वरच्या धरणाचं पाणी सोडलंय, नदीकडच्यांनी घरं सोडा' असं सांगायला लागले, तेव्हा अर्धं गाव खरंच घरं सोडून निघालं, पण मोबाईल घेऊन नदी बघायला. माझा नवरा मात्र म्हशी घेऊन टेकाडावरच्या शाळेकडे गेला. तो परत आला तेव्हा पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी होतं, आणि दुपारी उंबऱ्याशी आलं.

मी पिशव्या भरल्या. कागदपत्रं घेतली, होते ते दागिने घेतले, मिक्सरचं भांडं घेतलं. मिक्सर तिथेच राहिला हे शाळेत गेल्यावर कळलं.

आत्या देवघराच्या दारात मांडी घालून बसल्या होत्या. "मी न्हाय येत," म्हणाल्या. "बसलेला घट दसऱ्याबिगर हलवत न्हाईत."

"आई, पाणी घरात शिरतंय," नवरा म्हणाला.

"शिरू दे. देवी बघून घील."

"देवीला पोहता येतंय का?" मी विचारलं.

एरवी एवढ्यावर त्यांनी माझं माहेर काढलं असतं. पण त्या चिडल्या नाहीत, आणि मला खरी भीती वाटली ती तेव्हा. त्यांनी पाटीतल्या मातीवर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आगं, शेतच आणून बसवलंय हितं. नऊ दिस त्याची राखण करायची बोली हाय माझी. त्याला पाण्यात टाकून मी एकटी वर जाऊन बसू व्हय?"

ह्या बाईने बोली केली म्हणजे केली. नवरा रडकुंडीला आला. तिला उचलून न्यायची तयारी त्याने केली, पण आत्यांनी देवघराची चौकट धरली होती आणि चौकटीपेक्षा त्यांचे हात घट्ट होते. मग मी वकिली सुरू केली.

"आत्या, घट कशावर बसवलाय?"

"चौरंगावर."

"मग तो चौरंगावरनं हलवायचा न्हाय. आमी चौरंग उचलतो. घट हाय तितंच ऱ्हातोय की."

आत्या विचारात पडल्या. पाणी उंबरा ओलांडून आत आलं, त्यांच्या पदराला लागलं, तरी त्यांचा विचार चाललेला. शेवटी म्हणाल्या, "गुरवाला इचारा."

गुरव गावच्या देवीचा पुजारी, घटाच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. नवऱ्याने फोन लावून स्पीकरवर टाकला. मागून ट्रॅक्टरचा धडधड आवाज येत होता. सगळं ऐकून घेऊन गुरव म्हणाला, "काकू, खुशाल हलवा. देवीचा घट मी कवाच टरॅक्टरात घातलाय. आत्ता माझ्या मांडीवर हाय." मग जरा थांबून म्हणाला, "गावात बोलू नका तेवढं."

आत्यांनी चौकट सोडली.

बचाव पथकाची होडी दाराशी आली तेव्हा घरात मांडीएवढं पाणी होतं. जवान परराज्यातले, अंगात नारिंगी जाकिटं. एकाने आत्यांना हात दिला. आत्यांनी तो बाजूला सारला आणि चौरंगाकडे बोट दाखवलं. "पैले ये."

एका बाजूने माझा नवरा आणि दुसऱ्या बाजूने तो जवान, असा चौरंग उचलला. भिजलेल्या मातीने भरलेली पाटी, वर पाण्याचा घट आणि नारळ. जवानाच्या गळ्याच्या शिरा ताणल्या. "माताजी, इसमें है क्या?"

"खेत हाय," आत्या म्हणाल्या.

मी दिवा घेऊन मागे होते. वाऱ्याने विझू नये म्हणून तो पोह्याच्या रिकाम्या डब्यात ठेवला होता. होडीत बांधकरीण आधीच बसलेली. तिच्या मांडीवर प्रेशर कुकर, कुकरात तिचा घट, वर झाकण आणि झाकणाला शिट्टीसुद्धा लावलेली. "दिवा कुटं गं तुझा?" आत्यांनी बसायच्या आधी विचारलं. "घरी हाय की. तेल भरपूर घालून आलीया," ती म्हणाली. तिच्या घराच्या खिडक्या तेव्हा अर्ध्या बुडाल्या होत्या.

डब्यातला दिवा बघून जवान म्हणाला, "माताजी, यह बुझाना पड़ेगा. मोटर है, पेट्रोल है."

आत्यांनी होडीत ठेवलेला पाय परत पाण्यात ठेवला. "फिर मैं नै आती. तुम जाव."

मला वाटलं, झालं. आता ही बाई ह्या दिव्यापायी बुडणार आणि जन्मभर लोक म्हणणार, सुनेने सोडून दिली. जवानाने डब्यात वाकून बघितलं. "हमारे घर में भी कलश बैठा है," तो म्हणाला आणि त्याने मोटर बंद केली. तो आणि त्याचा जोडीदार पाण्यात उतरले, दोर खांद्याला लावला आणि होडी गल्लीतून ओढत निघाले. आत्या सूचना देत होत्या. "धीरे. हिलाव मत. घट हिलना नै." आणि तो भला माणूस छातीएवढ्या पाण्यातून दर वेळी म्हणत होता, "जी माताजी."

शाळेत एका वर्गात आम्ही आणि बांधकरी आलो. आत्यांनी शिरल्या शिरल्या दोन बाक आडवे लावून हद्द पाडली. रोज सकाळी उठून त्या बघायच्या, बाक सरकलाय का. एकदा तो खरंच वीतभर सरकलेला निघाला. बांधकरीण म्हणाली, ह्यांचा पाय लागला झोपेत. आत्या म्हणाल्या, "शेतात बी झोपेतच लागतोय व्हय पाय?"

आम्हाला मदत करायला जे जे आले, त्यांची मला दया येते. आमच्या भागात नवरात्रात लोक पायात घालत नाहीत, गादीवर झोपत नाहीत आणि निम्म्या बायकांना नऊ दिवसांचा उपास असतो. मदतीला आल्या त्या डाळ-तांदळाची खिचडी, गाद्या आणि चपला. खिचडीचं पातेलं बघून आत्यांनी विचारलं, "भगर न्हाय का?" वाढणारा पोरगा भांबावला. पुरातल्या माणसाला भूक लागते एवढंच त्याला सांगितलेलं. गाद्यांची थप्पी तशीच कोपऱ्यात राहिली. तिच्यावर बांधकऱ्याचं मांजर झोपायचं. सोलापूरहून पोतं भरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी आली, ती मात्र मी दोन वेळा चापली. माझा उपास उठता-बसता, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवसाचाच. आत्या भगर खात खात माझ्या चटणीकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "लसूण लई घातलाय वाटतं. वास येतोय." मी म्हणायची, "व्हय, लई झ्याक झालीया."

चपलांचं कारण तर वेगळंच होतं. कुणीतरी मोबाईलवर आमचं शूटिंग केलं, आणि त्यात लोक 'अनवाणी पायांनी' घराबाहेर पडल्याचं गहिवरून सांगितलं. दुसऱ्या दिवशी टेम्पो भरून चपला. सगळ्या पुरुषी, सगळ्या आठ नंबरच्या. टेम्पोवाला वाटायला लागला तर कुणी पायात घालेना. तो आत्यांच्या पाया पडला. "आजी, एक जोड तरी घाला की. फोटो काढायचाय."

"दसऱ्यानंतर ये बाबा," आत्या म्हणाल्या. तरी एक जोड ठेवून घेतला. फुकटचं नाकारायला त्या काही वेड्या नव्हत्या.

रोजच्या माळेला फुलं लागायची. शाळेच्या बागेत 'फुले तोडू नयेत' अशी पाटी होती. चौथ्या माळेला झेंडू संपला, पाचव्या माळेला जास्वंद, सहाव्या माळेला बागेत ती पाटीच तेवढी उरली.

आणि धान उगवलं. मातीचा थर दांडगा असल्यामुळे आमच्या पाटीतलं धान असं तरारून आलं, की दुसऱ्या वर्गातल्या बायका बघायला यायच्या. बांधकरणीच्या कुकरातलं पिवळं पडलं. आत्या रोज बोटांनी पाणी शिंपडायच्या आणि तिला ऐकू जाईल अशा बेताने मातीशी बोलायच्या. "नदीकडची पट्टी हाय बाई आमची. दगडावर टाकली तरी उगवंल."

सातव्या माळेला पाणी ओसरलं. नवरा शेत बघायला गेला आणि संध्याकाळी परत आला तो जेवला नाही. मला बाहेर हापशाजवळ बोलावून म्हणाला, "पट्टी गेली."

मला वाटलं, पीक गेलं म्हणतोय. ते तर जाणारच होतं. तो म्हणाला, पीक नव्हे, माती गेली. नदीने आपला रस्ता बदलून पट्टीवरून वाट काढली आणि सगळी काळी माती खरवडून नेली. खाली गोटे उघडे पडलेत. "आईला दसऱ्यापर्यंत सांगू नको," म्हणाला. "घट उठू दे तिचा."

मी आत आले तेव्हा आत्या पाटीवर वाकून पाणी शिंपडत होत्या. मला तिथे उभं राहवेना. मी बाहेर जाऊन तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. राग यायचं माझं सगळं सामान कुठेतरी हरवल्यासारखं झालं. त्या रात्री आत्यांनी चटणीला नावं ठेवली, मी गप्प. सकाळी म्हणाल्या, तुझ्या माहेरी दिव्याची वात वळायला शिकवत न्हाईत का. मी 'शिकवा की मला' म्हणाले.

आत्यांनी वात खाली ठेवली. "काय झालंय तुला? भांडंना झालीस."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी असंच गोड वागत राहिले तर ह्यांना कळेल. मग मला मुद्दाम भांडणं काढावी लागली. उपासाला भगर बरी की साबुदाणा ह्यावर भांडले. मिक्सर राहिला तो त्यांच्यामुळे, ह्यावर भांडले. म्हशीच्या शेपटीवरून काहीतरी भांडले, ते मलाही आता आठवत नाही. आत्या उत्तरं देत होत्या, पण मधेच माझ्याकडे अशा बघायच्या, की माझं पुढचं वाक्य विसरायचं.

दसऱ्याला घट उठला. बायकांनी धान वेणीत खोचलं, पुरुषांनी टोपीत. उरलेलं धान आणि माती दरवर्षी नदीत सोडतात. बायका पाट्या, ताटं, कुकर घेऊन निघाल्या. आत्या म्हणाल्या, "आपली नदीत न्हाय. नदीनं लई नेलंय. शेतात चला."

माझ्या नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं नव्हतं. त्याने पाटी डोक्यावर घेतली. आत्यांनी ठेवून घेतलेल्या आठ नंबरच्या चपला पायात घातल्या आणि फटक फटक करत पुढे झाल्या.

आत्या शेतात कधी चप्पल घालून जात नाहीत. नवरात्र असो नसो. पट्टीच्या कडेला आल्यावर त्यांनी सवयीने चपला काढल्या, बाजूला जोडून ठेवल्या आणि आत पाय टाकला. समोर सगळे गोटे होते, पांढरे, धुतलेले. चार पावलं गेल्या. मग थांबल्या, वळल्या, परत आल्या आणि चपला पायात घातल्या. मला रडू आलं. मी ते आवरलं नाही, आवरता आलंही नसतं.

"मला ठाव होतं," आत्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "ह्या दोन दिसांत तू एक भांडण धड केलं न्हाईस."

पट्टीच्या मधोमध त्यांनी पाटी उपडी करायला लावली. मुळांनी माती इतकी गच्च धरली होती, की ती खरवसाच्या वडीसारखी अख्खी निघाली. मैदानभर दगड आणि त्यात तेवढं काळं, वर हिरवं. नवरा खाली बसला आणि तिच्याभोवती गोटे रचायला लागला, पुढच्या पावसात तीही वाहून जाऊ नये म्हणून. सातव्या माळेपासून तो कुणाशी धड बोललेला नव्हता.

"बांध नीट घाल," आत्या म्हणाल्या. "कोरणारे लई हायत."

बांधकरी पलीकडे त्याच्या शेतात उभा होता. म्हणजे त्याचंच असावं. मधला बांध राहिलाच नव्हता, कुठून कुणाचं ते कळत नव्हतं. त्याच्याकडेही गोटेच. इतकी वर्षं आमच्याकडे तोंड न केलेला माणूस म्हणाला, "आता काय कोरू काकू? दगूड?"

माझा नवरा आधी हसला. मग तो बांधकरीही हसला, आणि येऊन दोन मोठे गोटे त्याने हाताने सरकवून दिले. बांध आमच्या बाजूला वीतभर आत आला, पण आत्या त्या दिवशी काही बोलल्या नाहीत.

निघताना त्यांनी रिकामी पाटी झटकली आणि माझ्या हातात दिली. "पुढच्या बारीला दोन पाट्या आण."

कुठनं, असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी आत्यांकडे बघितलं. त्या वाट बघत उभ्या होत्या.

"तुमीच आणा," मी म्हटलं. "एका पाटीनं मान मोडलीया माझी. आणि वंजळभर सांगून पाटीभर वापरता, आदी ठरवा काय पायजे ते."

"आता कसं," आत्या म्हणाल्या, आणि आठ नंबरच्या चपला फटक फटक करत घराच्या वाटेला लागल्या.